वाचकांचे प्रश्न : पाठीवरची फुली

मागच्या अंकात उंचीवर काम करणाऱ्यांच्या पूर्ण शरीराच्या हार्नेसविषयी, म्हणजे पडताना माणसाला झेलणाऱ्या पट्ट्यांच्या साजाविषयी, लिहिले होते. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे हार्नेसच्या एकाच जागेभोवती फिरतात. खांद्यावरून आलेले दोन पट्टे पाठीवर एकमेकांना छेदून जिथे फुली करतात, ती ही जागा. हार्नेस घालणाऱ्याला ती स्वतःच्या डोळ्यांनी दिसत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल शंका येणे स्वाभाविक आहे. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आमच्या साइटवर नवे हार्नेस आले आहेत. पाठीवर पट्टे छेदतात तिथे प्लास्टिकची चकती असून तिच्यात डी-रिंग (दोर अडकवायची कडी) बसवलेली आहे. ही चकती पट्ट्यांवर वरखाली सरकते आणि दुपारपर्यंत रिंग कमरेकडे उतरते, अशी कामगारांची तक्रार होती. आमच्या मुकादमाने चपला शिवणाऱ्या कारागिराकडून फुलीवर टाके मारून घेतले आणि दोन हार्नेसना तिथेच बाइंडिंग तार आवळली. आता रिंग जागची हलत नाही. हे चालेल का? (बांधकाम पर्यवेक्षक, चाकण)

उत्तर : चालणार नाही. टाके घातलेले आणि तार बांधलेले सगळे हार्नेस आजच वापरातून काढा. टाके उसवून किंवा तार सोडवून ते पुन्हा वापरात आणू नका, कारण झालेली हानी टाके काढल्याने भरून येत नाही. मुकादमाचा हेतू चांगला होता, हे मी मान्य करतो. रिंग खाली उतरणे ही खरीच धोक्याची गोष्ट आहे आणि ती त्यांच्या लक्षात आली, हेही चांगले झाले. चुकला तो उपाय.

फुली कशासाठी असते, ते आधी पाहू. उजव्या खांद्यावरचा पट्टा पाठीवर येऊन डाव्या कुल्ह्याकडे जातो आणि डाव्या खांद्यावरचा उजव्या कुल्ह्याकडे. माणूस पडतो तेव्हा रिंग वर अडकलेली असते, शरीर खाली जात असते आणि सगळा भार बैठकीखालच्या व मांड्यांच्या पट्ट्यांवरून याच दोन पट्ट्यांतून रिंगकडे चढतो. पडणारा माणूस सरळ उभ्या रेषेत पडत नाही. तो एका अंगावर कलतो, हात झाडतो, कधी डोक्याकडून खाली येतो. अशा वेळी एका बाजूच्या मांडीला ओढ बसली की फुलीमुळे दुसऱ्या बाजूचा खांद्याचा पट्टा मानेकडे आवळला जातो. पट्टे सरळ समांतर उतरले असते, तर नेमका तोच पट्टा खांद्यावरून घसरण्याची भीती होती. फुली दोन्ही बाजूंना एकमेकींशी बांधून ठेवते आणि रिंगला पाठीच्या मध्यरेषेवर राखते.

या फुलीची जोडणी कारखान्यात वेगवेगळ्या प्रकारे केली जाते. सर्वांत जास्त दिसते ती तुमच्याकडची चकती. तिच्या खाचांतून पट्टे आत जातात, रिंगच्या दांडीला वळसा घालतात आणि दुसऱ्या खाचांतून बाहेर पडतात. माप बदलताना चकती सरकवता यावी, पण ओढ बसली की वळसा घातलेला पट्टा आवळून धरला जावा, अशी ही रचना असते. दुसऱ्या प्रकारात फुलीवर कारखान्यातच यंत्राने ठरावीक नक्षीची शिलाई केलेली असते आणि तिचा दोरा मुद्दाम पट्ट्याहून वेगळ्या रंगाचा असतो, म्हणजे एखादा टाका तुटला तरी लांबून कळतो. काही हार्नेसमध्ये मुख्य पट्ट्यांना सुई लावलेलीच नसते. फुलीभोवती वेबिंगची, म्हणजे पट्ट्यांच्याच विणलेल्या कापडाची, वेगळी पट्टी कडीसारखी गुंडाळून तिचीच टोके शिवलेली असतात. कुल्ह्यापाशी जिथे बैठकीचा आणि मांडीचा पट्टा एकमेकांना छेदतात, तिथे काही उत्पादक कात्रीसारखी फिरणारी जोडणी देतात, म्हणजे वाकताना व शिडी चढताना पट्ट्यांमधला कोन बदलू शकतो. यांतली कोणतीही जोडणी वाईट नाही. मात्र ज्या रचनेची चाचणी झाली, तीच रचना कामगाराच्या अंगावर असली पाहिजे.

ती चाचणी सोपी नसते. युरोपच्या ईएन ३६१ या मानकात १०० किलोचा धडाच्या आकाराचा पुतळा हार्नेस घालून ४ मीटर मोकळा पाडतात, एकदा पाय खाली ठेवून आणि एकदा डोके खाली ठेवून. पुतळा हार्नेसमधून सुटता कामा नये आणि लोंबकळताना उभ्या रेषेपासून ५० अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये. त्याखेरीज हार्नेसवर १५ किलोन्यूटनची, म्हणजे साधारण दीड टन वजनाइतकी, स्थिर ओढ ३ मिनिटे ठेवतात. आपल्याकडे हार्नेससाठी आयएस ३५२१ हे मानक आहे आणि खरेदी करताना त्याचा उल्लेख लेबलवर पाहूनच घ्यावा. कारागिराने घातलेल्या चार टाक्यांची अशी चाचणी कोणीही केलेली नसते.

काही वर्षांपूर्वी एका साइटवर असाच एक हार्नेस मी टेबलावर उघडून पाहिला होता. पट्टा पिवळा होता. फुलीवर काळ्या सुती दोऱ्याचे जाड टाके होते आणि प्रत्येक छिद्राभोवती कापसासारखी पांढरट लव आली होती. ती लव म्हणजे आरीच्या टोकाने तुटलेले पॉलिएस्टरचे तंतू होते. वेबिंगची ताकद एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड धावणाऱ्या तंतूंत असते आणि प्रत्येक छिद्र त्यातले काही तंतू कायमचे कापून टाकते. शेजारच्या हार्नेसवर तार होती. ती सोडवल्यावर पट्ट्याच्या कडेवर गंजाची तपकिरी रेघ दिसली आणि त्या रेघेवर अंगठा फिरवताच कडेचे धागे सुटे झाले. हे दोन्ही हार्नेस त्या सकाळपर्यंत पाचव्या मजल्याच्या बाहेरच्या परांचीवर वापरात होते.

तुटलेल्या तंतूंइतकाच गंभीर दुसरा तोटा आहे. सरकण्यासाठी बनवलेली फुली टाक्यांनी किंवा तारेने जखडली की तिथे पट्टे एकमेकांवर हलू शकत नाहीत. झटका बसताना दोन्ही बाजूंची ओढ वाटून घेतली जाण्याऐवजी जी बाजू आधी ताणली जाते तिच्यावरच सगळा भार येतो, आणि तो टाक्यांच्या छिद्रांपाशी एकवटतो.

आता रिंग का उतरते, ते शोधा. मला तीन कारणे वारंवार आढळतात. पहिले म्हणजे खांद्याचे पट्टे सैल ठेवलेले असतात, विशेषतः सकाळी स्वेटर घालून हार्नेस चढवला आणि दहा वाजता स्वेटर काढला की सैलपणा वाढतो. दुसरे म्हणजे दोन बाजूंचे पट्टे असमान आवळलेले असतात, त्यामुळे चकती तिरकी होते आणि तिरकी चकती लवकर सरकते. तिसरे, आणि साइटवर सर्वांत जास्त दिसणारे, म्हणजे दुहेरी लॅनयार्ड (हार्नेसला आधाराशी जोडणारा दोर), त्याचा झटका शोषणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि परांचीचे दोन मोठे हुक न अडकवता पाठीमागे लोंबत सोडलेले असतात. हे वजन दिवसभर रिंगला खाली ओढत राहते. हुक रिकामे असताना अडकवण्यासाठी हार्नेसच्या छातीवर जागा दिलेली असते, ती वापरण्याची सवय लावा.

नवा हार्नेस देताना तो टेबलावर पालथा पसरावा. चकतीच्या वरचे आणि खालचे पट्टे मोकळे करून चकती हव्या त्या उंचीवर आणावी आणि रिंगपासून दोन्ही खांद्यांच्या बकलांपर्यंतचे अंतर टेपने मोजून समान करावे. मग हार्नेस अंगावर चढवून, सर्व बकले आवळून, रिंग दोन खांदेफळांच्या, म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडांच्या, मधोमध आली आहे की नाही ते जोडीदाराने पाहावे. हे काम प्रत्येक माणसासाठी वेगळे करावे लागते, म्हणून शक्य असेल तिथे प्रत्येकाचा हार्नेस ठरवून त्यावर क्रमांक द्यावा. इतके करूनही चकती सरकत असेल, तर हार्नेस विक्रेत्याला परत करा आणि कारखान्यातच शिवलेल्या फुलीचा प्रकार मागवा.

प्रश्न : मी इमारतींना बाहेरून रंग देण्याचे काम करतो. मांडीचे पट्टे दिवसभर काचतात, म्हणून आमच्यातले पुष्कळ जण फक्त छातीचा पट्टा लावतात आणि मांडीचे पट्टे मोकळे सोडतात. पूर्वी तर नुसत्या कंबरपट्ट्यावर काम होत असे. पाठीवर फुली घट्ट असेल तर मांडीचे पट्टे खरेच लागतात का? (रंगारी, कळवा)

उत्तर : लागतात, दादा, आणि प्रत्येक वेळी लागतात. वर सांगितल्याप्रमाणे भार खालून फुलीकडे चढतो. मांडीचे पट्टे मोकळे असले तर खाली धरायला काहीच उरत नाही. झटका बसताच सगळा हार्नेस वर सरकतो, छातीचा पट्टा गळ्याशी येतो आणि हात वर गेले तर शरीर खालून निसटूही शकते. छातीच्या पट्ट्याचे काम फक्त दोन्ही खांद्यांचे पट्टे एकत्र राखण्याचे आहे. माणसाचे वजन पेलण्यासाठी तो बनवलेलाच नाही.

कंबरपट्ट्यामध्ये सगळा झटका पोटावर आणि कण्यावर येतो आणि माणूस मधोमध दुमडून लोंबकळतो. म्हणूनच अमेरिकेत पडणे रोखण्याच्या साधनांत कंबरपट्टा वापरायला १ जानेवारी १९९८ पासून मनाई आहे. खांबावर टेकून उभे राहण्यासाठी तो आजही वापरतात, पण पडण्यापासून वाचवण्यासाठी त्याच्यावर विसंबू नका.

काचण्याचा त्रास मात्र खरा आहे आणि तो सोसत राहा असे मी म्हणणार नाही. मांडीचा पट्टा आणि मांडी यांमध्ये सपाट पंजा जावा पण मूठ जाऊ नये, इतकाच तो आवळावा. पट्ट्याला पीळ पडलेला नाही ना, ते पाहा. पिळलेला पट्टा सपाट न बसता कडेवर बसतो आणि दोरीसारखा रुततो. हार्नेस नेहमी पाठीच्या रिंगला धरून उचलावा आणि एकदा झटकावा, म्हणजे पट्टे आपापल्या जागी लोंबतात आणि डावा मांडीचा पट्टा चुकून उजव्या बकलात जात नाही. रोज सात-आठ तास दोरीवर बसून काम असेल, तर मांड्यांना गादी असलेला, बसून काम करण्यासाठीच बनवलेला हार्नेस ठेकेदाराकडे मागा. ती चैन नव्हे, तुमच्या कामाचे ते योग्य साधन आहे.

प्रश्न : मी सौर पॅनल बसवणाऱ्या चमूत अभियंता आहे. आम्हाला मिळालेल्या हार्नेसचा छातीचा आडवा पट्टा नेमका स्तनांवरून जातो. तो वर घेतला तर गळ्याला लागतो आणि खाली घेतला तर खांद्याचे पट्टे बाहेर सरकतात. पुरुष सहकारी म्हणतात की सवय होईल. (वाचक भगिनी, नाशिक)

उत्तर : ताई, सवयीने मापाचा दोष दूर होत नाही. बाजारातले बहुतेक हार्नेस पुरुषाच्या शरीराच्या मापावर बेतलेले आहेत आणि त्रास तिथूनच सुरू होतो. समोरच्या बाजूलाही फुली असलेले हार्नेस मिळतात. त्यांत खांद्याचे पट्टे छातीच्या मधोमध एकमेकांना छेदून तिरके कमरेकडे जातात, आडवा पट्टा लागत नाही आणि पट्टे स्तनांच्या बाजूने वळतात. खास स्त्रियांच्या मापाचेही हार्नेस आहेत, त्यांत बैठकीच्या आणि कुल्ह्याच्या पट्ट्यांची ठेवण वेगळी असते. तुमच्या कंपनीला लेखी मागणी करा आणि ती मागणी सोयीची नसून सुरक्षिततेची आहे, हे स्पष्ट लिहा. तोवर आहे तो आडवा पट्टा छातीच्या मध्यावर, खांद्याचे पट्टे समांतर राहतील इतपतच आवळून ठेवा. तो गळ्याजवळ नेणे हा या तीनही पर्यायांतला सर्वांत घातक पर्याय आहे.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या कामावर दोन स्लॅबमधले अंतर ३ मीटर आहे. कामगार पायाजवळच्या सळईला २ मीटरचे लॅनयार्ड अडकवतात. हार्नेस उत्तम प्रतीचा आहे. मग काळजीचे कारण नाही ना? (ठेकेदार, पिंपरी)

उत्तर : काळजीचे कारण आहे, कारण तुमचा कामगार हार्नेस घालूनही खालच्या स्लॅबवर आदळेल. लॅनयार्ड कामगाराच्या पाठीच्या उंचीवर अडकवले आहे, असे धरून हिशेब करू. २ मीटर लॅनयार्ड, शॉक अ‍ॅब्सॉर्बर उलगडून वाढणारी जास्तीत जास्त १.७५ मीटर लांबी, रिंगपासून पावलांपर्यंत सुमारे दीड मीटर आणि हाताशी राखायचे १ मीटर. ही बेरीज सव्वासहा मीटर होते, म्हणजे हुक अडकवलेल्या जागेपासून खाली इतकी मोकळी जागा हवी; तुमच्याकडे खालच्या स्लॅबपर्यंत ती साधारण साडेचार मीटरच आहे. पायाजवळ अडकवले तर मोकळे पडणे आणखी वाढते, झटकाही वाढतो आणि दुहेरी नुकसान होते. हुक डोक्याच्या वर अडकेल अशी लाइफलाइन किंवा भक्कम आधार द्या, किंवा कमी उंचीसाठी आपोआप गुंडाळले जाणारे, पडताच लॉक होणारे साधन वापरा. त्याहूनही चांगले म्हणजे स्लॅबच्या कडेला पक्के कठडे उभारा, म्हणजे पडण्याचीच वेळ येणार नाही. सेंट्रिंगच्या सळया आधार म्हणून वापरणे पूर्ण बंद करा.

प्रश्न : आमच्या गोविंदा पथकात सर्वांत वरच्या थरावर चढणारा मुलगा पंधरा वर्षांचा, अंगाने बारीक आहे. ओळखीच्या साइटवरून आणलेला हार्नेस त्याला घालतो आणि वरून सोडलेल्या दोराला जोडतो. पट्टे पूर्ण आवळले तरी पाठीची फुली त्याच्या कमरेच्या जरा वर येते. (पथकाचे कार्यकर्ते, ठाणे)

उत्तर : तुम्ही मुलाला हार्नेसशिवाय वर पाठवत नाही, याचा मला मनापासून आनंद आहे, पण हा हार्नेस त्याचा नाही. रिंग कमरेपाशी असताना तो लटकला, तर धड पुढे झुकून डोके खाली येईल आणि अरुंद खांद्यांवरून पट्टे निसटतील. फुली वर ओढून सुतळीने किंवा उपरण्याने बांधणे हा उपाय नव्हे, ते कृपया करू नका. त्याच्या उंचीला आणि वजनाला बसणारा, लहान मापाचा हार्नेस आणा आणि तो पूर्ण आवळल्यावर रिंग खांदेफळांच्या मध्ये येते का, हे सराव सुरू होण्याआधी जमिनीवरच पाहा. प्रत्येक उत्पादक वापरणाऱ्याच्या वजनाची कमाल आणि काही जण किमान मर्यादाही देतात, ती वाचा.

दोराविषयीही सांगतो. तो सराव चालू असतानाच नव्हे, तर थर उतरत असतानाही ताणून ठेवणारा जाणता माणूस हवा. सैल सोडलेला दोर मुलाला खालच्या थरांवर आपटू देतो. दोर ज्याला बांधला आहे तो आधार खांबावरचा दिवा किंवा बॅनरची कमान असता कामा नये.

प्रश्न : कोकणात आमचे पत्र्याच्या शेडचे काम चालते. पावसाळ्यानंतर हार्नेसवर शेवाळासारखे डाग पडतात आणि सिमेंटही चिकटते. ते कसे धुवावेत आणि टाकून केव्हा द्यावेत? (फॅब्रिकेटर, रत्नागिरी)

उत्तर : कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश इतकेच वापरा. ब्लीच, थिनर, रॉकेल वापरू नका. सावलीत, हवेशीर जागी टांगून वाळवा, कारण ऊन वेबिंगचे तंतू हळूहळू कमकुवत करते. पत्र्यावर वाळत टाकलेला हार्नेस मी तुमच्याच जिल्ह्यात अनेकदा पाहिला आहे. सिमेंटकडे विशेष लक्ष द्या. ते क्षारधर्मी आहे, पॉलिएस्टरला तीव्र क्षार मानवत नाहीत आणि सिमेंटचे कण पट्ट्याच्या विणीत शिरून आतून घासतात.

हे कण सर्वांत जास्त साठतात ते फुलीवरच्या चकतीखाली, आणि नेमके तेच कोणी पाहत नाही. तपासणी करताना चकती बोटभर वर आणि बोटभर खाली सरकवा आणि तिच्याखाली झाकला जाणारा पट्ट्याचा भाग उजेडात आणा. पट्टा दोन्ही हातांत धरून उलट्या यू आकारात वाकवा, म्हणजे वरच्या बाजूचे तुटलेले तंतू उभे राहतात आणि डोळ्यांना दिसतात. वेल्डिंगच्या ठिणगीने पडलेले कडक, चकचकीत ठिपके बोटाला लागतात. चकतीला तडा, खाच रुंद झालेली, रिंगवर खोल गंज किंवा वाकणे, वेगळ्या रंगाच्या शिलाईत तुटलेला टाका, पुसून गेलेले लेबल, यांपैकी एकही गोष्ट आढळली तर हार्नेस बाद करावा. काही हार्नेसमध्ये रिंगजवळ पट्ट्याची घडी शिवलेली असते आणि झटका बसला की ती उसवते. ती उसवलेली असेल, तर हार्नेसने एकदा माणूस झेललेला आहे आणि त्याचे काम संपलेले आहे. रोज चढण्यापूर्वी वापरणाऱ्याने स्वतः पाहावे, आणि वर्षातून किमान एकदा जाणकाराने क्रमांकानुसार तपासून वहीत नोंद करावी. तुमच्याकडे खारी हवा आहे, म्हणून मी दर सहा महिन्यांनी करा असे सांगेन.

बाद केलेला हार्नेस गोदामाच्या खुंटीवर टांगून ठेवू नका. गर्दीच्या दिवशी एखादा नवखा कामगार तोच उचलतो. मोठी कात्री घेऊन फुलीच्या वर दोन्ही पट्टे आणि फुलीच्या खाली दोन्ही पट्टे कापा, वहीत त्या क्रमांकापुढे तारीख लिहा आणि मगच तुकडे भंगारात टाका.